अंगणात हमिंगबर्ड बोलवायचा असेल तर

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया, किंवा सीमेपलीकडे टोरांटो-मिसिसागा. यांपैकी कुठेही राहत असाल, तर उन्हाळाभर तुमच्या डेकवरून हमिंगबर्ड ये-जा करत असतो. बहुतेकांना तो दिसत नाही, कारण पक्षी जेमतेम तीन ग्रॅमचा, उडतो सुसाट, आणि आपल्या अंगणात थांबायला त्याला काही कारण नसतं. ते कारण देणं अगदी स्वस्तात जमतं. घरातली पांढरी साखर, नळाचं पाणी आणि एक लहानसा फीडर एवढंच लागतं. भाड्याच्या अपार्टमेंटची दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी असली तरी चालते.

मी मध्य न्यू जर्सीत राहते आणि इथल्याच अनुभवावर हे लिहिते आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच सांगते. फीडर लहान घ्या, आणि ऑगस्टपर्यंत धीर धरा. बाकीचं सगळं यानंतर येतं.

कोण येणार आहे ते आधी समजून घ्या

पूर्व अमेरिकेत घरटं करणारा हमिंगबर्ड एकाच जातीचा आहे, रुबी-थ्रोटेड. म्हणजे ओळखीची कटकट जवळजवळ नाही. पाठ हिरवी, पोट मळकट पांढरं, लांबी आठ-नऊ सेंटीमीटर. नराच्या गळ्यावर लाल पट्टा असतो, मादीचा गळा पांढरा.

भारतातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लगेच शिंजीर येतो. जास्वंदीवर लटकून मकरंद पिणारा तो जांभळा, चकचकीत पक्षी. पण दोघांचं नातं लांबचंही म्हणता येणार नाही. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत पाकोळ्या. शिंजीर शक्यतो फांदीवर बसून पितो, हमिंगबर्ड हवेत एका जागी उभा राहून. पुण्या-नाशिकहून कुणी ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आलाय’ म्हणून व्हिडिओ पाठवला, तर त्यात शिंजीर असतो किंवा फुलांपुढे भिरभिरणारा हॉकमॉथ पतंग. तसले पतंग इथेही आहेत. जुलैत फुलांवर भरदुपारी एक केसाळ, तपकिरी-हिरवा जीव गुणगुणताना दिसला आणि त्याच्या डोक्यावर दोन मिशा दिसल्या, तर ते हमिंगबर्डचं पिल्लू नव्हे, पतंग आहे. हमिंगबर्डचं पिल्लू घरटं सोडतं तेव्हा जवळपास आईएवढंच झालेलं असतं.

हे पक्षी हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतात. वसंतात उत्तरेला येताना त्यांतले बरेच मेक्सिकोचं आखात थेट ओलांडतात, न थांबता साधारण 800 किलोमीटर. मध्य न्यू जर्सीत ते एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोचतात. नर आधी, माद्या थोड्या मागून. जॉर्जियात त्याआधी, टोरांटोत मेमध्ये. मी लक्षात ठेवते ते असं: अक्षय्य तृतीयेच्या आसपास पाहुणे येतात, तेव्हा त्याआधी फीडर टांगलेला हवा. उशीर झाला असेल तरी हरकत नाही, जूनमध्ये किंवा जुलैत सुरू केलंत तरी हंगाम हातचा गेलेला नसतो.

फीडर कोणता घ्यायचा

दुकानात दोन प्रकार दिसतील. एक उलट्या बाटलीचा, खाली तबकडी आणि तिला लाल-पिवळी फुलं. दुसरा चपट्या बशीचा, वर लाल झाकण आणि झाकणाला भोकं. नव्या माणसाने डोळे मिटून बशीचा घ्यावा. उलट्या बाटलीत ऊन लागलं की आतली हवा फुगते आणि पाणी खाली ठिबकतं, मग मुंग्या आणि गांधीलमाश्या गोळा होतात. बशीत पाण्याची पातळी भोकाच्या बरीच खाली असते. हमिंगबर्डची जीभ तिथवर पोचते, माश्यांची सोंड पोचत नाही. शिवाय बशी दोन तुकड्यांत उघडते आणि बोटं घालून घासता येते. ज्याचा कोपरा न् कोपरा घासता येत नाही असा फीडर कितीही देखणा असला तरी घेऊ नका. रंगीत काचेच्या, कोरीव बाटल्यांचा मोह होतो खरा, पण त्यांच्या आत काळी बुरशी धरली की ब्रश पोचत नाही.

आकार आठ ते बारा औंसांपेक्षा मोठा नको. मोठा फीडर म्हणजे भरायचं काम कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात एक-दोन पक्षी दिवसभरात त्यातलं थोडंसंच पितात आणि उरलेलं उन्हात आंबतं. पिवळी फुलं असलेला फीडरही टाळा, पिवळा रंग गांधीलमाश्यांना खेचतो. लाल मात्र कुठेतरी हवाच, आणि तो फीडरच्या प्लास्टिकवर असतो तेवढा पुरतो.

अंगण नसेल तर खिडकीच्या काचेला रबरी चकतीने चिकटणारा छोटा फीडर मिळतो. त्यातून पक्षी हातभर अंतरावर दिसतो, आणि माझ्या मते बघण्यासाठी याहून चांगली जागा नाही. टाउनहाउसमध्ये असाल तर असोसिएशनचे नियम एकदा वाचून घ्या, काही ठिकाणी बाहेर काही टांगायला मनाई असते.

साखरपाणी

प्रमाण एकच आहे आणि ते बदलायचं नाही: एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. पाव कप साखर आणि एक कप पाणी एवढ्यावर सुरुवात करा. कप अमेरिकन असो की आपली आमटीची वाटी, दोन्हीसाठी तेच भांडं वापरलं म्हणजे झालं. पाणी गरम करा, साखर विरघळेपर्यंत हलवा, गॅस बंद करा. पाक करायचा नाही. फार वेळ उकळत ठेवलं तर पाणी उडून प्रमाण बिघडतं. पूर्ण गार झाल्यावरच फीडरमध्ये ओता. उरलेलं झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यात लिंबू पिळेल.

आता जे घालायचं नाही त्याबद्दल, कारण आपल्या घरांत चुका इथे होतात. हेतू चांगला असतो. ‘पांढरी साखर वाईट, पक्ष्याला काहीतरी पौष्टिक देऊ या’ असं वाटतं आणि हात गुळाकडे किंवा मधाकडे जातो. गूळ, ब्राउन शुगर, न शुद्ध केलेली ‘रॉ’ साखर या सगळ्यांत मळी आणि लोह असतं. माणसाला ते भलं, पण एवढ्याशा पक्ष्याच्या शरीराला ते लोह झेपत नाही. मध पाण्यात मिसळला की लवकर आंबतो आणि त्यात बुरशी वाढते. पिठीसाखरेत इथे मक्याचं पीठ घातलेलं असतं. शुगर-फ्री गोळ्यांत तर ऊर्जाच नाही, म्हणजे पक्ष्याला उपाशी ठेवल्यासारखंच. फुलांतला मकरंद मुख्यतः साखर आणि पाणी असतो, आणि साधी शुद्ध साखर त्याच्या सर्वांत जवळ जाते. त्याच्या जेवणातली पौष्टिक बाजू किड्यांकडून येते, त्याचं पुढे सांगते.

लाल रंगही घालू नका. दुकानात लाल रंगाची तयार बाटली मिळते, ती घेण्याची काहीच गरज नाही. बिनरंगाच्या पाण्यावर पक्षी तितक्याच आवडीने येतात, आणि पाणी गढूळ झालं की तुम्हाला लगेच कळतं.

किती दिवसांनी बदलायचं

फीडरमधलं पाणी संपलं की भरायचं, असा हिशेब चालत नाही. हवामान बघून बदलायचं. 70 फॅरनहाइटच्या घरात तापमान असेल तेव्हा तीन-चार दिवस चालतं. 80 च्या वर गेलं की एक दिवसाआड. 90 च्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने 32 अंशांच्या पुढे, रोज बदला. पाणी धुरकट दिसलं, त्यात तार धरल्यासारखं झालं, काळे ठिपके दिसले किंवा मुंग्या तरंगल्या, तर वार न बघता ओतून टाका. म्हणूनच सुरुवातीला फीडर फक्त एक तृतीयांश भरा. चार चमचे साखर वाया गेली तर काही बिघडत नाही. आंबलेलं पाणी मात्र पक्ष्याला खरोखर आजारी पाडू शकतं.

दर वेळी पाणी बदलताना गरम पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने घासा. भोकांसाठी जुना टूथब्रश किंवा स्ट्रॉ धुण्याचा बारीक ब्रश ठेवा, तिथेच सर्वांत आधी काळं धरतं. आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरच्या पातळ पाण्यात तासभर बुडवून घासा. बुरशी हटतच नसेल तर ब्लीचच्या अगदी पातळ पाण्यात भिजवा, मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुऊन, पूर्ण वाळवूनच भरा. सुट्टीवर आठवडाभर जाणार असाल आणि शेजारी बघणारं कुणी नसेल, तर फीडर काढून धुऊन घरात ठेवून जा. पक्षी तुमच्यावाचून अडत नाहीत, त्यांना फुलं आणि किडे माहीत असतात. परत आल्यावर टांगा, ते पुन्हा येतात. जागा त्यांच्या पक्की लक्षात राहते.

हे सगळं वाचून काम जास्त वाटेल. प्रत्यक्षात सकाळचा चहा उकळेपर्यंत होतं. ते जमणार नसेल, तर फीडर न लावता नुसती फुलझाडं लावा. तेही तितकंच चांगलं.

कुठे टांगायचा

सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा शोधा. उंची तुमच्या डोळ्यांएवढी, म्हणजे भरायला शिडी लागत नाही आणि बघायलाही बरं. तीन-चार मीटरवर एखादं झुडूप किंवा झाड असावं. हमिंगबर्ड दिवसाचा बराच वेळ बसून असतो आणि त्याला फीडरवर नजर ठेवता येईल अशी उघडी, पानं नसलेली काटकी लागते. मांजर दबा धरून बसेल इतकं झुडपाला लगटून मात्र टांगू नका.

काचेचा विचार नीट करा. पक्षी काचेवर आदळून मरतात, आणि सर्वांत धोक्याचं अंतर मधलं असतं. फीडर एकतर खिडकीपासून मीटरभराच्या आत ठेवा, म्हणजे पक्ष्याला वेगच घेता येत नाही, किंवा सरळ दहा मीटर लांब न्या. मोठ्या पॅटिओच्या काचेला बाहेरून ठिपक्यांची पट्टी लावून घ्या. ठिपके दोन-दोन इंचांवर हवेत. एकच ससाण्याचं चित्र चिकटवून उपयोग होत नाही.

एक फीडर मार्गी लागला की दुसरा घ्या, पण तो पहिल्यावरून दिसणार नाही असा, घराच्या दुसऱ्या बाजूला. का ते पुढे कळेल.

पक्षी येत नाही तेव्हा

पहिला पक्षी दुसऱ्या दिवशी येऊ शकतो किंवा तीन आठवडे लागू शकतात. फीडरजवळ लाल साल्व्हियाची एखादी कुंडी ठेवली तर शोध लवकर लागतो. या काळात कुणी पीत नसलं तरी पाणी बदलत राहायचं. पक्षी पहिल्यांदा चोच बुडवेल तेव्हा ते ताजंच हवं.

मग जून येतो, आणि बरेच नवे लोक इथेच नाद सोडतात. मेमध्ये रोज येणारा पक्षी अचानक दिसेनासा होतो. काही चुकलेलं नसतं. माद्या घरट्यावर असतात, आणि रानात फुलं आणि किडे मुबलक असतात. घरटं चार-पाच सेंटीमीटर रुंदीचं, मऊ तंतूंचं. कोळ्याच्या जाळ्याने शिवून फांदीला घट्ट बसवलेलं, बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेलं. तेच दगडफूल, ज्याचा एक भाऊबंद आपल्या गोड्या मसाल्यात पडतो. आत बहुधा दोन अंडी. दोन आठवडे उबवणं, त्यानंतर तीनेक आठवडे भरवणं, आणि सगळं काम एकट्या मादीचं. नर त्यात कुठेच नसतो. घरटं दिसलंच तर लांबूनच बघा. फांदी वाकवू नका, फोटोसाठी पानं छाटू नका. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली घरटं, अंडी, अगदी पडलेलं पीसही उचलून ठेवायला इथे परवानगी नाही.

पिल्लं उडू लागली की जुलैच्या शेवटापासून चित्र पालटतं. ऑगस्टमध्ये फीडरवर आई, पिल्लं आणि उत्तरेकडून खाली येणारे वाटसरू अशी सगळ्यांची झुंबड असते. म्हणून म्हटलं, ऑगस्टपर्यंत थांबा.

आता बघायचं काय

खुर्ची फीडरपासून तीन मीटरवर ठेवा आणि सूर्य तुमच्या पाठीशी राहील असं बसा. हे महत्त्वाचं आहे, कारण नराच्या गळ्याचा लाल रंग पिसांत मुरलेला नसतो. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो तेव्हा तो दिसतो. कोन जुळला नाही तर गळा निव्वळ काळा दिसतो, आणि पक्ष्याने मान जराशी वळवली की तोच गळा निखाऱ्यासारखा पेटतो. सूर्य समोर असेल तर हे कधीच दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल, आमच्याकडे नर येतच नाही.

सकाळी उजाडल्यावरचा तास आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधीचा तास सर्वांत चांगला. रात्रीची तरतूद म्हणून पक्षी संध्याकाळी जास्त पितात. थंड रात्री ते शरीराचं तापमान आणि हृदयाचा वेग खूप खाली आणून गुंगीत जातात. पहाटे एखादा पक्षी फांदीला किंवा फीडरला उलटा लटकलेला, निपचित दिसला तर मेलेला समजून हात लावू नका. ऊब आली की तो हलतो.

पक्षी आला की आधी कानाला कळतं. पंखांचा घुमणारा आवाज, मग बारीक चिटचिट. पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा हलतात, डोळ्यांना नुसतं धुकं दिसतं. फोनवर सेकंदाला 240 चित्रांचं स्लो-मोशन लावा, एका फडकाऱ्याची चार-पाच चित्रं मिळतात आणि पंख खांद्यातून फिरून आडवा आठ कसा काढतात ते उमजतं. पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्ही वेळा पंख त्याला उचलून धरतो, म्हणून तो हवेत उभा राहू शकतो आणि मागेही सरकतो. पाय मात्र इतके तोकडे की त्याला चालता येत नाही.

पिऊन मागे सरकतो त्या क्षणी चोचीच्या टोकाकडे बघा. दोऱ्यासारखी पांढरी जीभ चोचीबाहेर राहिलेली दिसते, आणि पुढच्या क्षणी आत जाते. पूर्वी समज होता की जीभ बारीक नळीसारखं पाणी वर ओढते. 2011 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की जिभेची दोन टोकं पाण्यात उलगडतात आणि बाहेर येताना मिटून थेंब पकडतात. हे सेकंदाला दहाहून जास्त वेळा चालतं.

नर-मादी ओळखायला गळ्याइतकीच शेपटी कामाची. नराची काळपट आणि दुभंगलेली, मादीची गोलसर आणि टोकांना पांढरे ठिपके. ऑगस्टमध्ये गोंधळ होतो, कारण पहिल्या वर्षाचे नर मादीसारखेच दिसतात. त्यांच्या गळ्यावर बारीक रेघा असतात आणि कधी कधी मधोमध एकच लाल पीस उगवलेलं असतं. असं पीस असलेला पक्षी ओळखता येतो, आणि ‘हाच तो’ असं म्हणता आलं की बघण्याची गोडी पार बदलते.

मग भांडणं. एक पक्षी, बहुधा नर, काटकीवर ठाण मांडतो आणि दुसरा कुणी फीडरजवळ आला की बाणासारखा सुटतो. स्वतः प्यायचं सोडून दिवसभर हाकलत बसतो. त्याला रागावू नका, फुलांच्या ताटव्यावर हक्क राखायची ती त्याची रीतच आहे. दोन फीडर एकमेकांच्या आड ठेवायचे ते यासाठी. दोन्हीकडे त्याला एकदम पहारा देता येत नाही. वसंतात नर मादीसमोर मोठ्या झोपाळ्याच्या वाटेने खालीवर झेपावतो, तेही एकदा बघून ठेवा.

माणसांची भीती त्यांना फारशी नसते. गेल्या उन्हाळ्यात आई इथे होती. संध्याकाळी डेकवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. लाल काठाचं लुगडं, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. एक मादी सरळ आली आणि त्या काठासमोर वीतभर अंतरावर थांबली. काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली, एक-एक बुट्टी तपासत. आईने श्वास रोखला, हातातली शेंग तशीच. फूल नाही हे कळल्यावर पक्षी वर उडून गेला. “अगं, तिच्या पंखांचा वारा लागला मला,” आई म्हणाली. उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार असतील, दिवसभर घरात एकटे बसणार असतील, तर खिडकीजवळ एक फीडर आवर्जून लावा. लाल कापडाची एखादी ओढणी खुर्चीवर टाका.

फुलं आणि किडे

फीडर हा जोड आहार आहे. हमिंगबर्ड चिलटं, डास, बारीक कोळी भरपूर खातात, आणि पिल्लांना तर किड्यांशिवाय वाढताच येत नाही. म्हणून अंगणात कीटकनाशक फवारू नका. डासांसाठी फवारणी करणाऱ्या कंपन्यांची पत्रकं उन्हाळ्यात दाराशी येतात. फवारणी करायची आणि फीडरही टांगायचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. काळ्या पडलेल्या केळ्याची साल फीडरपासून थोड्या अंतरावर एखाद्या डब्यात ठेवा, त्यावर बसणारी चिलटं हमिंगबर्ड हवेतल्या हवेत टिपतात.

झाडं इथलीच लावा. एप्रिल-मेमध्ये लाल-पिवळा कोलंबाइन, मग कोरल हनीसकल, जुलैत बी-बाम, ऑगस्टमध्ये लालभडक कार्डिनल फ्लॉवर. ट्रम्पेट क्रीपरवर हमिंगबर्ड तुटून पडतात, पण ती वेल लहान अंगण गिळून टाकते, जागा असेल तरच लावा. माझं सर्वांत आवडतं मात्र कुणी विकत घेत नाही असं, ज्युअलवीड. ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत आपोआप उगवणारं, केशरी ठिपकेदार फुलांचं. हा आपल्या तेरड्याचा सख्खा नातेवाईक. पिकलेली शेंग चिमटीत धरा, तेरड्यासारखीच फटकन फुटते. ऑगस्टच्या शेवटी स्थलांतराच्या वाटेवर असलेले हमिंगबर्ड यावर पोट भरतात, तेव्हा अंगणाच्या कडेला उगवलं असेल तर उपटू नका.

नेहमीच्या अडचणी

मुंग्या: गोडाचा डबा आपण पाण्याच्या ताटलीत ठेवतो, तीच युक्ती. फीडरच्या वर टांगायची पाण्याची छोटी वाटी मिळते, तिच्यात साधं पाणी भरा आणि ते आटू देऊ नका. हुकाला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, पिसांना लागलं तर पक्ष्याला साफ करता येत नाही.

गांधीलमाश्या ऑगस्टमध्ये वाढतात. बशीचा फीडर, न सांडलेलं पाणी आणि सावली यांनी बराच फरक पडतो. तरी जमल्या तर फीडर दोन-तीन मीटर सरकवा, पक्षी शोधून काढतात, माश्या गोंधळतात.

हिरवा किंवा तपकिरी मोठा प्रार्थनाकीटक फीडरवर बसलेला दिसला तर काडीने उचलून लांबच्या झुडपात सोडा. तो हमिंगबर्ड पकडतो, हे खरं आहे.

गॅरेज. हा धोका नव्या लोकांना माहीतच नसतो. गॅरेजचं दार हाताने सोडवायच्या दोरीला लाल मूठ असते. हमिंगबर्डला ती फूल वाटते, तो आत येतो आणि घाबरला की वरच जात राहतो, उघड्या दारातून खाली यायचं त्याला सुचत नाही. मुठीला काळी टेप गुंडाळून टाका. पक्षी अडकलाच तर आतले दिवे बंद करा, सगळी दारं उघडा, उंबऱ्यावर उजेडात फीडर ठेवा आणि सगळ्यांनी बाहेर व्हा.

न्यू जर्सीचा वायव्य भाग, पोकोनो, कॅट्सकिल अशा ठिकाणी अस्वलं फीडरवर येतात. तिथे संध्याकाळी फीडर आत घ्या, आणि एकदा अस्वल आलं तर काही आठवडे टांगूच नका.

गणपतीपासून दसऱ्यापर्यंत

नर ऑगस्टमध्येच निघू लागतात. गणपतीच्या सुमारास इथे सर्वांत जास्त वर्दळ असते, पण त्यात माद्या आणि यंदाची पिल्लंच जास्त. प्रवासाआधी ते इतके खातात की वजन दुपटीच्या जवळ जातं, पोट गोल दिसायला लागतं. या दिवसांत फीडर कधीही रिकामा किंवा शिळा राहू देऊ नका. ‘फीडर ठेवला तर पक्षी इथेच राहील आणि थंडीत मरेल’ असं कुणी सांगेल, त्यात तथ्य नाही. निघायची वेळ त्यांना लहान होत जाणारे दिवस सांगतात, फीडर नाही. पिल्लं आईशिवाय, एकटी, कधी न पाहिलेल्या वाटेने दक्षिणेला जातात. त्यांतली काही पुढच्या वर्षी याच अंगणात परततात. पायात कडी घातलेली एक रुबी-थ्रोटेड मादी 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पुन्हा पकडून सोडण्यात आली, तेव्हा तिचं वय नऊ वर्षांच्या पुढे होतं.

कॅलिफोर्नियात किंवा सिअ‍ॅटलला राहत असाल तर हे वेळापत्रक विसरा. तिकडे अ‍ॅनाज हमिंगबर्ड वर्षभर असतो आणि फीडरही वर्षभर ठेवता येतो. सिअ‍ॅटलच्या थंडीत पाणी गोठतं, तेव्हा रात्री आत घ्या आणि उजाडायच्या आत बाहेर टांगा. टेक्सासमध्ये रुबी-थ्रोटेडच्या जोडीला ब्लॅक-चिन्ड येतो. अ‍ॅरिझोनाला सहल काढणार असाल तर टूसॉनच्या दक्षिणेला मडेरा कॅन्यन आणि पॅटागोनिया गावातलं पेटन सेंटर बघा, तिथे बाकावर बसल्या बसल्या कितीतरी जातींचे हमिंगबर्ड समोर येतात.

आपल्याकडे पूर्वेला दसऱ्यापर्यंत शेवटचे पक्षी जातात. शेवटचा दिसल्यानंतर दोन आठवडे फीडर तसाच राहू द्या, पाणी बदलत राहा. मागे राहिलेल्या एखाद्या वाटसरूला उपयोगी पडतं. आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर फीडरवर कुणी आलं तर नीट बघा, फोटो काढा. तो पश्चिमेकडून भरकटत आलेला रूफस असण्याची बरीच शक्यता असते. नराचा रंग तांबूस-केशरी, मादीच्या कुशीवर आणि शेपटीच्या मुळाशी तांबूस झाक. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे फुकट अ‍ॅप ओळखायला मदत करतं, आणि त्यांच्याच ‘ई-बर्ड’वर तारीख, जागा आणि फोटो टाकला की ती नोंद अभ्यासकांपर्यंत पोचते. असा पाहुणा आला असेल तर तो जाईपर्यंत फीडर काढू नका, बर्फ पडला तरी.